पऱ्हाटी, तूर, ज्वारी की पालक? हरितलवकातल्या प्रथिनांवर प्रोजेक्ट करायचा आहे

धुऱ्यावरची

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव दारव्हा तालुक्यात, कॉलेज तालुक्याच्या ठिकाणी, एसटीनं जाणं-येणं. या सेमिस्टरला संशोधन प्रकल्प आहे आणि मला हरितलवकातली प्रथिनं घ्यायची आहेत. कोणतं प्रथिन हरितलवकाच्या कोणत्या भागात राहतं आणि ते ओळखायचं कसं, असा विषय डोक्यात आहे. आकृती सगळ्यांना पाठ असते: बाहेर दोन आवरणं, आत स्ट्रोमा हा द्रव, स्ट्रोमात थायलकॉइड म्हणजे पटलाच्या चपट्या पिशव्यांच्या चळती, त्यांच्या आत पोकळी. पण हे प्रथिन इथलं आणि ते तिथलं, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी काय करून ठरवलं, ते पुस्तकात एका ओळीत उरकतात. मला नेमकं तेच हातानं करून बघायचं आहे.

सामान सांगते. ६००० आरपीएमपर्यंत जाणारं लहान सेंट्रिफ्यूज (थंड होणारं नाही), स्पेक्ट्रोफोटोमीटर, साधे मायक्रोस्कोप, प्रथिनं वजनानुसार वेगळी करायचा उभ्या जेलचा एक संच, आणि घरी असतो तसा फ्रीज. दुपारी लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही.

आमचे सर चांगले आहेत, पण ते म्हणतात, एवढ्या सामानात कुठं होते, त्यापेक्षा ऑनलाईन टूलमध्ये प्रथिनाचा सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) टाक, स्थान येऊन जाते. मी टाकून पाहिलं. सोयाबीनच्या रुबिस्कोचा (कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम) लहान उपघटक टाकला, उत्तर आलं हरितलवक. मोठा उपघटक टाकला, उत्तर आलं 'इतर'. दोन्ही उपघटक एकाच एन्झाइमचे, दोन्ही स्ट्रोमात. मग टूल चुकलं की माझ्या समजण्यात काही राहिलं?

दुसरा प्रश्न माझ्या बाबांचा आहे. त्यांनी एका शेतकरी मेळाव्यात ऐकलं की बीजी-२ या बीटी कपाशीतलं (हिच्यात अळी मारणारी दोन प्रथिनं असतात) दुसरं विष पानाच्या हरितलवकात साठते. तेव्हापासून ते मला विचारून राहिले, "मंग बोंडात हिरवं कुठं असते? म्हणूनच गुलाबी बोंडअळी मरत नसन काय?" मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न माझ्या विषयातलाच आहे असं मला वाटते, म्हणून इथंच विचारते.

आणि पान कोणतं घेऊ? वावरात पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि सोयाबीन आहे, धुऱ्यावर ज्वारीची एक ओळ आहे, घरामागे पालक आणि मेथी.

तुरीची_शेंग

ताई, पऱ्हाटीचं पान घेऊ नका. आमच्या बॅचमध्ये एका मुलीनं घेतलं होतं. वाटल्याबरोबर रस चिकट होते आणि पाहता पाहता तपकिरी पडते. त्यात फिनॉल आणि गॉसिपॉलसारखी द्रव्यं भरपूर असतात, ती प्रथिनांना धरून बसतात. फिनॉल धरून ठेवणारी पीव्हीपीपी ही पूड टाकून थोडं सावरता येते, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्या भानगडीत पडू नये. तुरीचंही तसंच, थोडं कमी. पालक घ्या. जगभर हे काम पालक आणि वाटाण्याच्या कोवळ्या रोपांवरच शिकवतात.

आणि फक्त टूलवर सिक्वेन्स टाकून प्रोजेक्ट करू नका. परीक्षकानं एक प्रश्न विचारला की थांबून जाल.

पानशिरा

धुऱ्यावरची, विषय फार चांगला धरला आहेस, आणि तुझ्याकडे जे सामान आहे त्यात याचा बराच भाग बसतो. मी आर्वीकडची. नागपूरला याच कामावर पीएच.डी. केली, आता एका ग्रामीण कॉलेजात शिकवते. तुझ्या विभागात आहे जवळपास तेवढंच सामान आमच्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टूल. हरितलवकात सुमारे तीन हजार प्रकारची प्रथिनं असावीत असा अंदाज आहे. त्यातली शंभराच्या आतच हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएवर लिहिलेली असतात. तंबाखू आणि मार्कँशिया यांच्या हरितलवकांचा पूर्ण डीएनए १९८६ साली वाचून झाला, तेव्हाच हे चित्र स्पष्ट झालं. बाकीची सगळी प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत जातात. त्यांच्या सुरुवातीला वीस ते शंभरेक अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो, ट्रान्झिट पेप्टाइड. बाहेरच्या आवरणातली टॉक प्रथिनं तो ओळखतात, आतल्या आवरणातली टिक प्रथिनं पुढं ओढून घेतात, आणि स्ट्रोमात पोचल्यावर एक एन्झाइम तो तुकडा कापून टाकतं. तुझं टूल तोच तुकडा शोधतं. रुबिस्कोचा लहान उपघटक बाहेरून येतो, त्याला तो तुकडा आहे. मोठा उपघटक हरितलवकातच तयार होतो, त्याला आत शिरायचं नाहीच, म्हणून तुकडा नाही. टूलनं 'इतर' म्हटलं याचा अर्थ एवढाच की त्याला प्रवेशाची खूण दिसली नाही. तू दोन्ही उपघटक टाकून पाहिलेस हे फार बरं केलंस. हे निरीक्षण प्रकल्पाच्या पहिल्याच प्रकरणात घाल.

आता, ठरवलं कसं, हा तुझा खरा प्रश्न. १९७८ मध्ये नाम-हाय चुआ आणि ग्रेगरी श्मिट यांनी लहान उपघटकाचं न कापलेलं लांब रूप परीक्षानळीत तयार केलं आणि ते अखंड हरितलवकांत मिसळलं. थोड्या वेळानं तपासलं तर ते कापून आखूड झालेलं. नंतर बाहेरून प्रथिनं पचवणारं एन्झाइम टाकलं तरी ते शाबूत राहिलं, कारण ते आवरणांच्या आत पोचलं होतं. आजही याच तर्कानं काम चालतं. थर्मोलायसिन हे एन्झाइम बाहेरचं आवरण ओलांडत नाही, म्हणून त्यानं जे पचलं ते बाहेरच्या पृष्ठभागावर होतं. ट्रिप्सिन बाहेरचं आवरण ओलांडतं पण आतल्या आवरणाशी अडतं. एकाच नमुन्याला आधी हे, मग ते देऊन बघितलं की प्रथिन कोणत्या थरात आहे हे उकलत जातं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, तुलाही सांगते. एखादं प्रथिन अमुक भागात आहे असं लिहायचं तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते त्या भागात सापडलं, आणि शेजारचा भाग त्या नमुन्यात मिसळलेला नव्हता. पहिली सगळे दाखवतात. दुसरी गाळून टाकली की पहिलीला किंमत राहत नाही, मग यंत्र कोट्यवधींचं का असेना. तुझा अख्खा प्रकल्प या दुसऱ्या गोष्टीवर उभा कर. त्याला महागडं यंत्र लागत नाही, नेमकेपणा लागतो.

करायचं काय ते सांगते. पालक घे, घरामागचाच घे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पालक उत्तम येतो आणि सकाळी खोलीही थंड असते, हा फायदा सोडू नको. पानं तोडून रात्रभर अंधारात, ओल्या फडक्यात ठेव. दिवसभरात साठलेलं पिष्ट रात्रीत कमी होतं. ते न केल्यास सेंट्रिफ्यूजमध्ये पिष्टाचे जड कण हरितलवकाला आतून फाडून बाहेर पडतात. सकाळी लाईन असते तेव्हाच कामाला लाग. मधली शीर काढून टाक, पानं बर्फगार कर. द्रावण ०.३३ मोलर सॉर्बिटॉलचं, म्हणजे लिटरला साठ ग्रॅम, त्यात सामू टिकवायला थोडं हेपीस किंवा ट्रायसिन, थोडं मॅग्नेशियम क्लोराइड, सामू ७.८. मिक्सर दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी फिरव. पाट्यावर वाटल्यासारखं बारीक करू नको, बरीच पानं अर्धवट राहिली पाहिजेत. मलमलच्या आठ पदरांतून गाळ, पिळू नको.

सेंट्रिफ्यूजची काळजी करू नको. हरितलवक खाली बसायला एक ते दोन हजार जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट) एवढा जोर पुरतो. तुझ्या रोटरची त्रिज्या दहा सेंटिमीटर धरली तर ३५०० आरपीएमला साधारण १३७० जी मिळतात. तीन-चार मिनिटं फिरव. नळ्या आधीच फ्रीजमध्ये गार करून ठेव, रोटर निघत असेल तर तोही. खाली जो गर्द हिरवा साका बसेल तो पिपेटनं ढवळू नको, रंगकामाच्या मऊ ब्रशनं हळूहळू सोडव.

हरितलवक अखंड आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नको. तुमच्याकडे साधा मायक्रोस्कोप आहे, त्यात हे नीट कळत नाही. फेरिसायनाइड वापर. ते अखंड आवरणातून आत जात नाही, म्हणून फुटलेल्या हरितलवकांतच उजेडात त्याचं क्षपण होतं. एक नमुना तसाच ठेव, दुसऱ्यातले हरितलवक साध्या पाण्यानं मुद्दाम फोड आणि मग सॉर्बिटॉल घालून सारखा कर. दोन्हींचा वेग ४२० नॅनोमीटरला मोज. फोडलेल्याच्या वेगातून न फोडलेल्याचा वजा कर, फोडलेल्याच्या वेगानं भाग, शंभरानं गुण. आली तुझी अखंडतेची टक्केवारी. प्रात्यक्षिकात वापरतो तो निळा डीसीपीआयपी इथं चालत नाही, तो आवरणातून आत शिरतो.

शेजारच्यांची भेसळ तपासायला एक स्वस्त चाचणी आहे. कॅटालेज हे एन्झाइम पेशीतल्या पेरॉक्सिझोममध्ये असतं, हरितलवकात त्याचं घर नाही. पानाचा मूळ रस आणि धुतलेले हरितलवक, दोन्ही सारख्या क्लोरोफिलवर आणून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाक. मूळ रस फसफसेल. हरितलवकांचा नमुना किती फसफसतो ते बघ. नुसत्या डोळ्यांनीही फरक दिसतो, आणि स्पेक्ट्रोवर २४० नॅनोमीटरला मोजला तर आकडाही मिळतो. क्लोरोफिल मोजायला ८० टक्के ॲसिटोन, ६५२ नॅनोमीटर, आलेल्या शोषणाला ३४.५ नं भाग आणि हजारानं गुण, म्हणजे मिलीला इतके मायक्रोग्रॅम.

मग हरितलवक सॉर्बिटॉलशिवायच्या पातळ द्रावणात बर्फावर दहा मिनिटं ठेव. आवरणं फुटतात. ६००० आरपीएमवर फिरव. वरचं फिकट पिवळसर पाणी म्हणजे स्ट्रोमा, खालचा हिरवा साका म्हणजे थायलकॉइड. साका दोनदा धू. आवरणं वेगळी करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतं, ते आपल्याला नको. स्ट्रोमा विरुद्ध थायलकॉइड एवढंच घे आणि चोख कर.

जेल १२ टक्क्यांचं. ॲक्रिलामाइड घट्ट होण्याआधी मज्जासंस्थेला घातक असतं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नको. थायलकॉइडचा नमुना उकळू नको, ६५-७० अंशांवर ठेव. उकळला तर पटलातली प्रथिनं गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात.

आता जेल वाचताना नीट लक्ष दे. स्ट्रोमाच्या रांगेत ५५ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) जाड पट्टा दिसेल, तो रुबिस्कोचा मोठा उपघटक, आणि खाली १५ च्या आसपास लहान उपघटक. थायलकॉइडच्या रांगेत २५ ते २८ च्या दरम्यान ठसठशीत पट्टे दिसतील, ते प्रकाश गोळा करणाऱ्या एलएचसी प्रथिनांचे. इथपर्यंत सरळ आहे. पण थायलकॉइडच्या रांगेतही ५५ जवळ पट्टा येईल. तो पाहून मुलं घाईनं लिहितात की रुबिस्कोची भेसळ झाली, किंवा त्याहून पुढं जाऊन लिहितात की रुबिस्को थायलकॉइडवरही असतं. थायलकॉइडमध्ये एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज हे एन्झाइम असतं आणि त्याचे अल्फा व बीटा हे दोन उपघटक अगदी ५५ च्या आसपासच धावतात. म्हणजे एकाच उंचीवर दोन वेगळी प्रथिनं. मग निर्णय कशावर करायचा? १५ च्या पट्ट्यावर. थायलकॉइडच्या रांगेत ५५ ला पट्टा आहे आणि १५ ला स्ट्रोमाच्या जोडीचा तो पट्टा नाही, तर ५५ चा पट्टा बहुतांश एटीपी सिंथेजचा. दोन्ही असतील तर तुझी धुलाई कमी पडली किंवा काही हरितलवक फुटलेच नव्हते. ही एक गोष्ट तू जेलचा फोटो समोर ठेवून समजावून सांगितलीस तर परीक्षकाला कळेल की काम तूच केलं आहे.

आणि धुऱ्यावरची ज्वारी वाया घालवू नको. हरितलवकाच्या आतलं स्थान हा एक भाग झाला. ज्वारीत त्याच्या आधीचा प्रश्न उभा राहतो: कोणत्या पेशीचा हरितलवक? ज्वारी सी-४ गटातली. तिच्या पानात शिरांभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं आणि रुबिस्को जवळपास सगळं त्या कड्यातल्या हरितलवकांत असतं. बाहेरच्या पर्णमध्य पेशींत कार्बन डायऑक्साइड आधी पकडणारं पेप कार्बोक्झिलेज असतं, आणि तेही पेशीद्रवात. कड्यातल्या हरितलवकांत ग्रॅना, म्हणजे थायलकॉइडच्या चळती, जवळपास नसतातच. एवढी सोय तुझ्या धुऱ्यावर उभी आहे. दुपारी उशिरा पान तोड, ब्लेडनं पातळ आडवे काप घे, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये रंग काढ (अल्कोहोल थेट आचेवर ठेवायचं नाही), मग आयोडीनचा थेंब टाक. शिरांभोवती गडद निळीकाळी कडी उमटतील आणि मधल्या पेशी फिक्या राहतील. शेजारी सोयाबीनच्या पानाचा काप ठेव, त्यात पिष्ट सगळ्या पर्णमध्यात पसरलेलं दिसेल. पिष्ट कुठं तयार होतं यावरून रुबिस्को कुठं काम करतं याचा अंदाज बांधता येतो. पुरावा अप्रत्यक्ष आहे, तसं स्पष्ट लिही, पण चित्र फार बोलकं येतं.

जुनं_वावर

तुमच्या बाबांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून त्यालाच हात घालतो. मी हिंगणघाटकडचा, कापसावरच काम करतो.

बाबांनी ऐकलं ते खरं आहे. बीजी-१ ला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्यात क्राय-१एसी हे एकच विष. त्याच्या जनुकापुढं प्रवेशाचा तुकडा लावलेला नाही, म्हणून ते पेशीद्रवातच राहते. बीजी-२ ला २००६ मध्ये परवानगी मिळाली, त्यात क्राय-२एबी वाढलं. या दुसऱ्या जनुकापुढं ॲरॅबिडॉप्सिस नावाच्या रोपातल्या एका एन्झाइमचं ट्रान्झिट पेप्टाइड जोडलं आहे, म्हणून तयार झालेलं विष लवकात जाऊन बसते. ज्या एन्झाइमचा तो तुकडा, ते ईपीएसपीएस, म्हणजे ग्लायफोसेट हे तणनाशक ज्याला जाऊन अडवते तेच. चोर बीटीच्या नावानं जे बिनपरवान्याचं, तणनाशक सहन करणारं बियाणं फिरते, त्यात घातलेलं जिवाणूचं ईपीएसपीएस लवकात पोचलं तरच ते रोप ग्लायफोसेटखाली जगते, कारण तो सगळा कारखाना लवकातच आहे. सोयाबीनवर मारतो त्या इमॅझेथापायरचंही तसंच. ते ज्या एन्झाइमला रोखते ते हरितलवकातच राहते, जनुक मात्र केंद्रकात.

आता बोंडाचं. बोंडाचं कवच हिरवंच असते, त्यात हरितलवक आहेत. आतल्या सरकीच्या पेशींतही लवकं असतात, रंग नसला तरी. प्रवेशाचा तुकडा त्यांनाही चालतो. आणि अळी पेशी फोडून खाते, त्यामुळं विष पेशीद्रवात असो की लवकात, तिच्या आतड्यात दोन्ही मोकळंच होते. म्हणून हरितलवकात ठेवल्यानं अळी वाचली, असं नाही.

अळी मरत नाही कारण अळी बदलली. गुलाबी बोंडअळीच्या आतड्यात एबीसीए२ नावाचं प्रथिन असते, क्राय-२एबीला काम करायला ते लागते. आपल्या देशातल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये त्याच्या जनुकात मोडतोड सापडली आहे. क्राय-१एसीसाठी दुसरं प्रथिन, कॅडहेरिन, तिथंही तसंच झालं. त्यात आपण संकरित बियाणं लावतो. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी पुढच्या पिढीची असते, म्हणून एकाच बोंडात काही सरकीत दोन्ही विषं, काहीत एकच, काहीत एकही नाही. अळीला सवय लागायला यापेक्षा सोयीचं काय पाहिजे? बाबांना हे सांगा, आणि डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवू नका, फरदड (त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका, हेही सांगा.

गोंदियाचा_धान

पानशिरा मॅडमनी टूलबद्दल सांगितलं, त्यात थोडी भर घालतो. मी संगणकावरच काम करतो, धानाच्या जनुकांवर.

ट्रान्झिट पेप्टाइड शोधणारी टूल्स जुनी आहेत, क्लोरोपी १९९९ चं, टार्गेटपीची दुसरी आवृत्ती २०१९ ची. चांगली आहेत, पण केंद्रकातून आलेल्या काही प्रथिनांनाही ती पकडू शकत नाहीत. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये सीईक्यूओआरएच नावाचं प्रथिन आतल्या आवरणावर असतं आणि त्याला कापला जाणारा तुकडाच नाही. आमच्या धानात तर एक अल्फा-अमायलेज आहे, ते गॉल्जीतून साखरेच्या साखळ्या लावून मग लवकात येतं, नेहमीचा टॉक-टिकचा दरवाजाच वापरत नाही. उलटही होतं. टीआरएनएला अमिनो आम्ल जोडणारी बरीच एन्झाइम्स एकाच जनुकावरून तयार होऊन हरितलवकात आणि तंतुकणिकेत, दोन्हीकडे जातात. टूलनं एकच घर सांगितलं म्हणून दुसरं नसेल असं धरू नका.

म्हणून अंदाज आणि प्रयोग हे दोन वेगळे रकाने ठेवा. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाचं सुबा हे संकेतस्थळ तसंच दाखवतं: टूल्स काय म्हणतात ते एकीकडे, आणि जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडून किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीनं प्रत्यक्ष काय सापडलं ते दुसरीकडे. कॉर्नेलचं पीपीडीबी आणि ग्रेनोबलच्या गटाचं एटी_क्लोरो हेही मोफत. एटी_क्लोरोमध्ये आवरण, स्ट्रोमा आणि थायलकॉइड असे तिन्ही भाग वेगळे मोजले आहेत. ही सगळी ॲरॅबिडॉप्सिसची. सोयाबीनचा पूर्ण जीनोम २०१० ला प्रसिद्ध झाला, सोयबेसवर मिळतो. तिथून तुमच्या प्रथिनाचा ॲरॅबिडॉप्सिसमधला जोडीदार शोधा आणि सुबावर बघा. हे सगळं मोबाईलवरही होतं, नेटची रेंज तेवढी लागते.

धुऱ्यावरची

एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना जुनं_वावर काकांचं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं. एकाच बोंडात काही सरकी बिनविषाची असते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ते म्हणाले, "हे बियाणं इकताना कोणी सांगतलं नाही." फरदडीचं त्यांना आधीच पटलेलं आहे, शेजारच्या वावरवाल्यांना पटवायचं राहिलं आहे.

सरांशीही बोलले. ५५ च्या दोन पट्ट्यांचं ऐकून ते म्हणाले, करू, लाईनची वेळ मी बघतो. ज्वारीचे काप आजच घेतले. पहिले जाड आले, शीर सुटून जात होती. मग पान गाजराच्या दोन फाकांत धरून कापलं तेव्हा पातळ जमले. आयोडीन टाकल्यावर कडी एवढी स्पष्ट दिसली की मी विभागातल्या सगळ्यांना बोलावलं. सोयाबीनच्या कापात तसं कडं नाही, सगळीकडे निळं.

आता दोन शंका. जेलमध्ये दोन्ही भाग सारख्या वजनाच्या प्रथिनाचे टाकू की सारख्या हिश्श्याचे? आणि थायलकॉइडच्या पोकळीतलं एखादं प्रथिन मला दाखवता येईल का? पोकळीपर्यंत ते जातं कसं, तेही सांगा.

पानशिरा

गाजराच्या फाकांची युक्ती छान. फोटो काढताना मोजपट्टीची स्लाइडही त्याच भिंगाखाली घे, म्हणजे चित्रावर माप टाकता येईल.

हिश्श्याचे टाक. समजा हरितलवक एक मिलीमध्ये होते आणि ते फोडून तू स्ट्रोमाही एक मिली केलास, थायलकॉइडही एक मिलीत विरघळवलेस, तर तिन्हींचे सारखे मायक्रोलिटर टाक. पहिली रांग अख्ख्या हरितलवकाची. मग एखादा पट्टा पहिल्या रांगेत जेवढा आहे तो पुढच्या दोन रांगांत कसा वाटला गेला, हे थेट दिसतं. सारख्या वजनाचे टाकलेस तर ही वाटणी हरवते. सारख्या वजनाचं जेल वेगळं कर, त्यात बारीक पट्टे जास्त चांगले दिसतात.

पोकळीतली प्रथिनं दोन टप्प्यांनी जातात. त्यांच्या तुकड्याचे दोन भाग असतात. पहिला त्यांना स्ट्रोमात आणतो आणि तिथं कापला जातो, मग उघडा पडलेला दुसरा भाग थायलकॉइडचं पटल ओलांडायला लावतो. प्लास्टोसायनिन आणि पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतलं ३३ किलोडाल्टनचं प्रथिन सेक नावाच्या मार्गानं जातात, २३ आणि १७ ची दोन टॅट मार्गानं. टॅटला पटलाच्या दोन बाजूंच्या सामूतला फरक पुरतो.

तुझ्या सामानात ३३, २३ आणि १७ ही तिन्ही दाखवता येतील. ती पोकळीच्या बाजूनं फोटोसिस्टीम-२ ला सैल चिकटलेली असतात. धुतलेल्या थायलकॉइडचे दोन भाग कर. एक नुसत्या थंड द्रावणात, दुसरा ०.८ मोलर ट्रिस, सामू ८.४ मध्ये, अर्धा तास बर्फावर, मंद उजेडात. पण थायलकॉइडच्या पिशव्या बंद असतील तर सुटलेली प्रथिनं आतच अडकतील, म्हणून ट्रिसच्या भागाला आणि शेजारच्या साध्या भागालाही सारखाच सोनिकेटरचा (ध्वनिलहरींनी फोडणारं यंत्र) झटका द्यावा लागेल. तुमच्याकडे सोनिकेटर नसेल तर आमच्याकडे एक जुना आहे, चालतो. फिरवून वरचं पाणी घे आणि दोन्ही भाग शेजारी लाव. ट्रिसच्या पाण्यात ३३, २३, १७ चे पट्टे उठून दिसायला हवेत. साध्या भागात थोडे दिसले तर घाबरू नको, २३ आणि १७ नुसत्या झटक्यानंही थोडी सुटतात. इथंही १५ जवळ रुबिस्कोचा लहान उपघटक दिसतो का ते आधी बघ, नाहीतर १७ चा पट्टा कोणाचा हा वाद पुन्हा उभा राहील.

एटीपी सिंथेजची रांग पक्की करायला त्याच प्रथिनाला ओळखून चिकटणारी अँटिबॉडी हवी असेल तर विकत घेऊ नको, एका प्रकल्पासाठी फार महाग पडते. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाच्या विभागात कोणाकडे उरलेली असते. तुझ्या सरांना पत्र लिहायला सांग, पत्रात पालक आणि थायलकॉइडचा उल्लेख कर, किती मायक्रोलिटर लागेल तेही लिही. मला खासगी संदेश पाठव, कोणाला विचारायचं ते सांगते.